भैरूला आत बोलावलं नाही

४ ऑक्टोबर १९५६

आज हायस्कूलच्या मुलांपुढे बोलले. नशाबंदी सप्ताहाला दरवर्षी पुण्याहून कुणी पाहुणे येतात. यंदाचे ऐनवेळी आजारी पडले, म्हणून मुख्याध्यापकांनी मला विचारलं. मी प्राथमिकची बाई. मिसरूड फुटलेल्या मुलांपुढे कधी उभी राहिले नव्हते. शिवाय आमचा ज्योतीराम त्यांच्यातच, दहावीच्या बाकावर बसलेला. पण चांगलं झालं. कऱ्हाडला आमच्या आळीत एक गवंडी होता, तो पिऊन आला की स्वतःचंच घर ओळखायचा नाही आणि शेजाऱ्याच्या दारात बायकोच्या नावानं हाका मारत बसायचा, ती हकिकत सांगितली. मुलं हसायला हवं तिथं हसली. गवंड्याचा शेवट सांगितला तेव्हा सगळे अगदी चिडीचूप होते.

शेवटी म्हटलं, काही विचारायचं असेल तर विचारा. मग भैरू उठला. अंबुबाईचा मुलगा. अंबुबाई पिंपरी गावातली, आमच्या कारखान्याच्या वसाहतीत दूध घालते. पोरगं ज्योतीच्या वर्गात आहे आणि रोज त्याच्याच सायकलवर मागे बसून चिंचवडला शाळेत येतं. अंगानं थोराड, बोलायला बुजरं. म्हणाला, "बाई, आपल्याला प्यायची नसली आन् सोबत्यांनी जबरदस्ती केली, तर काय करायचं?"

मुलं हसली. मी सांगितलं की असा सोबती हा सोबतीच नव्हे, त्याला सोडून द्यावं.

तो खाली बसला नाही. "मग शाळंला कुणासंगं यायचं?"

पुन्हा हशा झाला. मीही हसले. मुख्याध्यापकांनी आभार मानले आणि घंटा झाली. घरी येताना ज्योती म्हणाला की भैरू हा असंच काहीतरी बोलतो, त्याचं मनावर घेऊ नकोस. माझं भाषण मात्र सगळ्यांना आवडलं म्हणे. ह्यांना सांगितलं तर हे पेपरातून मान वर न करता "छान" म्हणाले.

७ नोव्हेंबर

दिवाळीचे कपडे धुवायला काढले. ज्योतीच्या नव्या सदऱ्याला वास येत होता, छातीपासून खाली पोटापर्यंत. रॉकेल नव्हे, घाम नव्हे. मामंजींच्या अंगाला यायचा तो वास मी लग्न होऊन आले तेव्हापासून ओळखते. सदरा हातात धरून मोरीत तशीच बसून राहिले.

हे कारखान्यात होते. स्टोअर त्यांच्या ताब्यात असल्यामुळे सणानंतर मोजदाद असते, यायला उशीर होतो. बरंच झालं. ज्योतीला समोर बसवून विचारलं. आरडाओरडा केला नाही. मारलं तर मुलं खोटं बोलायला शिकतात, हे मी दुसऱ्यांच्या आयांना नेहमी सांगते. तो म्हणाला, नदीवर कुणी मोठी माणसं पीत बसली होती, त्यांच्यातल्या एकाचा धक्का लागून अंगावर सांडली. तोंडाचा वास घेऊ दिला. नव्हता.

तुझ्याबरोबर कोण होतं, म्हटलं. नेहमीचेच, म्हणाला. भैरू होता का, असं मीच विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "तोही होता."

सोबत्याचं नाव घेणं त्याला जड गेलं, हे पाहून मला बरंच वाटलं. पोर आतून चांगलं आहे.

आता भैरूचा तो सभेतला प्रश्न आठवतो. ज्याच्या डोक्यात तेच चाललेलं असतं, त्यालाच असलं सुचतं.

१२ नोव्हेंबर

शेजारच्या सुमनताईंकडे सहज विषय काढला. त्या म्हणाल्या, भैरूच्या चुलत्याला मागच्या वर्षी पोलिसांनी पकडलं होतं, सायकलच्या ट्यूबमधून हातभट्टीची नेत होता. मग राहिलं काय?

सकाळी अंबुबाई दूध घेऊन आल्या तेव्हा त्यांना सांगितलं. अगदी शांतपणे सांगितलं. म्हटलं, अंबुबाई, मुलाला आवरा, त्याच्या नादानं दुसऱ्यांची मुलं बिघडतील. त्यांनी चरवी खाली ठेवली. "माझं पोर तसलं न्हाई, बाई." मी म्हटलं, प्रत्येक आईला असंच वाटतं. त्यांनी चरवी उचलली. दूध घातलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गेल्या.

ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही. हे तापट आहेत. मुलांशी कसं बोलावं ते मला कळतं, मीच बघेन.

२ डिसेंबर

दुपारी तांदूळ निवडत होते. दारात सावली पडली म्हणून वर पाहिलं तर भैरू. टोपी हातात. दंडावर वळ उठलेला, जुना होत आलेला. कुठे मारामारी केली असेल.

ज्योती घरी नाही, म्हटलं.

"व्हय, ठावं हाय. तुमच्याशीच बोलायचं व्हतं."

मला वाटलं, आईनं क्षमा मागायला पाठवला असावा. आलाच आहे तर सोक्षमोक्ष करावा म्हणून मीच सुरुवात केली. राग न आणता बोलले. विधवा आईची आठवण दिली. शिकलास तर ह्याच कारखान्यात चांगल्या जागेवर लागशील, नाहीतर चुलत्याच्या वाटेनं जाशील, असं सांगितलं. ज्योतीला ओढू नकोस, त्याचा स्वभाव मऊ आहे, कुणी काही म्हटलं की त्याला नाही म्हणवत नाही, हेही सांगितलं. तो उंबऱ्याकडे बघत ऐकत होता. मध्ये एकदा त्यानं तोंड उघडलं, पण माझं वाक्य पुरं व्हायचं होतं. शेवटी "बरं, बाई" म्हणाला आणि टोपी घालून गेला. त्याला पाणीही विचारलं नाही हे नंतर लक्षात आलं.

मन हलकं झालं. सभेत बोलणं वेगळं. आज एका मुलाशी समोरासमोर बोलले. खरं काम हेच.

संध्याकाळी ज्योतीला सांगितलं की भैरू आला होता, मी त्याला समजावलं. तो जेवता जेवता थांबला. काय म्हणाला भैरू, असं त्यानं दोनदा विचारलं. मी म्हटलं, काही नाही, तो काय म्हणणार.

१७ जानेवारी १९५७

संक्रांत झाली. अंबुबाईंनी आमचं दूध बंद केलं आहे. नवा गवळी पाणी घालतो. काय करणार?

ज्योती आता दुसऱ्या एका मुलाला सायकलवर घेतो. भैरू चालत शाळेत जातो. परवा रेल्वेच्या फाटकापाशी दिसला, दप्तर डोक्यावर घेऊन एकटाच. मी त्याला तिळगूळ द्यायला हवा होता, पिशवीत होताही. पण तेवढ्यात गाडी गेली, फाटक उघडलं आणि तो पुढे निघून गेला.

ज्योतीला विचारलं तर म्हणाला, वर्गात त्याच्याशी कुणी बोलत नाही. मी विचारलं, का रे? म्हणाला, असंच. मला वाईट वाटलं. पण संगत सुटल्याशिवाय मूल सुधारत नाही, हेही खरं.

२४ फेब्रुवारी

सगळीकडे निवडणुकीची धामधूम. वसाहतीच्या भिंती रंगवून टाकल्या आहेत. ह्यांना दुसरा विषय सुचत नाही.

आज ज्योती आपणहून म्हणाला, "आई, भैरूला आम्ही परत घेतलं."

मी म्हटलं, कशात घेतलं?

"आमच्यात. तो फार एकटा पडला होता."

मला भरून आलं. इतके दिवस मीच त्याला तोडायला लावलं आणि हा मनानं मोठा निघाला. फक्त एवढं म्हटलं की त्याच्यावर लक्ष ठेव, वाकड्या वाटेला जायला लागला तर मला सांग. हो म्हणाला.

१८ मार्च

परवा धुळवड झाली. ज्योती दुपारी रंगून आला, अंघोळ केली आणि झोपला.

काल सकाळी भैरू उठला तो आईला म्हणाला, अजून उजाडलं न्हाई का. ऊन दारात आलं होतं. रात्रभर ओकत होता, पोट धरून लोळत होता. अंबुबाईंना वाटलं, शिमग्याचं काही बाधलं. गावातल्या कुणीतरी ट्रकमध्ये घालून पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. वीटभट्टीवरचे दोन मजूर तर दुपारपर्यंत गेलेही. भट्टीमागे कुणी दारू विकत होता, त्यात पॉलिशचं स्पिरिट होतं म्हणतात. तो पळाला. गावात पोलीस आले आहेत.

हे सगळं सुमनताईंनी सांगितलं. ऐकताना माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की मी म्हटलंच होतं. दुसरं आलं, आमचं पोर वाचलं. त्याच क्रमानं आलं. लिहून ठेवते, खोडणार नाही.

ज्योती कालपासून जेवलेला नाही. पांघरूण डोक्यावर घेऊन पडला आहे.

२० मार्च

सकाळी हे कामावर गेल्यावर ज्योती स्वयंपाकघरात येऊन बसला आणि बोलायला लागला. मी भाकरी थापत होते. तव्यावरची जळाली तरी उठले नाही.

दिवाळीच्या आधीपासून पाच-सहा जण वीटभट्टीमागे बसायचे. अकरावीतल्या एकानं सुरुवात केली, पेला फिरायला लागला. जो घेणार नाही त्याला बांगड्या भरू म्हणायचे. ज्योती पेला ओठाला लावायचा आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून मागे मातीत ओतायचा. एकदा घाईत सदऱ्यावर सांडली. त्याला वाटायचं, एवढ्या जणांत आपणच भित्रे. आता भैरूचं असं झाल्यावर सगळे घाबरून एकमेकांशी खरं बोलले, तेव्हा कळलं की सगळेच ओतत होते.

"भैरू सोडून," ज्योती म्हणाला. "त्याला खोटं पिता येत नव्हतं, आई."

मी विचारलं, मग त्यालाच का पाजत होतात?

"तो पीत असला की सगळे त्याच्याकडे बघायचे. माझ्याकडे कुणी बघायचं नाही."

हे म्हणाला आणि रडायला लागला. मग बाकीचं सांगितलं. डिसेंबरात भैरू आपल्या घरी आला होता हे मी ज्योतीला सांगितलं, ते ह्यानं घाबरून बाकीच्यांना सांगितलं. भैरू बाईंकडे चुगली करायला गेला, असं ठरलं आणि त्याला वाळीत टाकलं. अडीच महिने वर्गात कुणी त्याच्याशी बोललं नाही. मग परत घेतलं ते एका बोलीवर, की धुळवडीला त्यानं सगळ्यांच्या देखत दोन पेले घ्यायचे. पेला कोणी भरला, हे मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"मी," म्हणाला.

२२ मार्च

ह्यांना सांगितलं. वाटलं होतं, उठून मारतील. हे उठले, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून बोलले. दोन माणसं मेली आहेत. बंदीचा कायदा आहे. ज्योतीचं नाव निघालं तर शाळा जाईल, कदाचित सुधारगृहात नेतील, आणि आपण क्वार्टरमध्ये राहतो ते कारखान्याच्या मर्जीवर. अंबुबाईचं नुकसान झालं ते झालं, आपलं करून घेऊन तिचं भरून येणार आहे का?

मी गप्प बसले. पटलं म्हणून नव्हे. भीती वाटली म्हणून, आणि अंबुबाईंच्या समोर उभं राहावं लागणार नाही, म्हणूनही.

३० मार्च

भैरूला घरी आणलं. जीव वाचला. डोळ्यांमागच्या शिरा जळाल्या आहेत, असं डॉक्टर म्हणाले. उजेड आणि अंधार कळतो, माणूस पुढे आलं तर सावलीसारखं कळतं. याहून जास्त कधी कळेल अशी आशा धरू नका, असंही म्हणाले. सोळा वर्षांचं पोर.

आठवडाभर मी शाळेत गेले, मुलांकडून पाढे म्हणवून घेतले, घरी आले. ज्योतीशी नीट बोलता आलं नाही. तो माझ्याकडे बघतो आणि मी काहीतरी काम काढते. मुलांशी कसं बोलावं ते मला कळतं, असं मी याच वहीत कुठेतरी लिहिलं आहे.

१ एप्रिल

ह्यांना न विचारता गेले. ज्योतीला बरोबर घेतलं. वाटेत त्याला म्हटलं, तू बोलायचं, मी बोलणार नाही. तो म्हणाला, मला नाही जमणार. मी म्हटलं, मलाही जमत नाही.

अंबुबाई अंगणात म्हशीपुढे कडबा टाकत होत्या. ज्योतीनं सांगितलं. उभ्यानंच, एका दमात, पेला कुणी भरला इथपर्यंत. अंबुबाई कडब्याची पेंढी हातात धरून ऐकत राहिल्या. त्यांनी त्याला शिवी दिली नाही. त्याच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"बाई, तुमी सांगितलं, पोराला आवरा. तुमी शाळंच्या बाई. मला वाटलं, तुमाला जास्त कळतंय. म्या त्याला म्हशीच्या दाव्यानं मारलं. तोंडातनं एक शबूद काढला न्हाई त्यानं."

दंडावरचा तो वळ मी पाहिला होता.

चुकले, एवढंच म्हटलं. त्या म्हणाल्या, "आता जावा." आम्ही निघालो. पोलिसांकडे जायचं तर जा, आम्ही नाही म्हणणार नाही, असं मी फाटकातून म्हटलं. त्यांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. कडबा टाकायला वळल्या होत्या.

ह्यांना कळलं तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीत.

११ एप्रिल

पोलीस येऊन गेले. विकणारा कल्याणला सापडला. मुलांची नावं अंबुबाईंनी सांगितली नाहीत. का ते विचारायची माझी छाती नाही. सुमनताई म्हणतात, तुमचं पोर त्यात सापडलं नाही, तुमचं नशीब चांगलं. मी मान हलवली.

आज अंबुबाई बाजाराला गेल्या होत्या तेव्हा भैरूकडे गेले. ओट्यावर बसला होता. पावलं ऐकून विचारलं, कोण. मी म्हटलं, बाई. तर सरकून बसला आणि म्हणाला, "बसा की."

बराच वेळ आम्ही म्हशीबद्दल बोललो. धार तोच काढतो आता. धार काढायला डोळं लागत न्हाईत, म्हणाला. मग मी विचारलं, त्या दिवशी माझ्याकडे तू काय सांगायला आला होतास?

"काय मोठं न्हवतं," म्हणाला. "जोतीला तुमी म्हणा, असं सांगायचं व्हतं, की सांजचं भैरूला घरी लई काम असतंय, त्याला बोलावत जाऊ नगंस. तुमी म्हणला असता तर पोरांनी ऐकलं असतं. माझं मला न्हाई म्हणायला यायचं न्हाई."

मी म्हटलं, ज्योतीचं नाव तू का नाही सांगितलंस मला?

"त्याचं नाव कशापायी? तोबी घाबरायचाच की. पेला मागं वतायचा, म्या बघितलं व्हतं."

त्याला ठाऊक होतं. सगळ्यांत त्यालाच एकट्याला ठाऊक होतं, आणि तरी तो पीत होता. मी विचारलं, मग तू का नाही ओतलास रे?

"म्या वतला असता आन् कुणी बघितलं असतं, तर मग समद्यांचं पेलं बघितलं असतं, जोतीचंबी उघडं पडलं असतं."

२६ मे

मी ज्योतीला नेम घालून दिला आहे. रोज संध्याकाळी भैरूकडे जायचं, धडे वाचून दाखवायचे. पहिले काही दिवस गेला. मग डोकं दुखायला लागलं, मग सायकल पंक्चर झाली. आज मीच त्याला हाताला धरून घेऊन गेले. अंबुबाई आत होत्या, बाहेर आल्या नाहीत. ज्योती वाचत होता, आवाज ओढल्यासारखा. भैरू ऐकत होता.

निघताना त्यानं मला थांबवलं. ज्योती पुढे गेला होता.

"बाई, त्याला असं वढून आणू नका. मनात नसताना बसावं लागलं की कसं वाटतंय, ते मला ठावं हाय."

आम्ही घरी आलो. मग ज्योतीला म्हटलं, उद्यापासून माझी सक्ती नाही. जायचं की नाही ते तुझं तू बघ. त्यानं मान खाली घातली.

९ जून

दोन आठवडे तो गेला नाही. मीही विचारलं नाही. इतकं कठीण काम मी आयुष्यात केलेलं नाही. जीभ किती वेळा ओठापर्यंत आली, ते मलाच माहीत.

उद्या शाळा उघडते. आज दुपारी ज्योतीनं चपला घातल्या आणि म्हणाला, भैरूला विचारून येतो, वर्गात येऊन नुसतं ऐकत बसशील का म्हणून. मी त्याला सायकलवर घेऊन जाईन आणि आणीन, असंही म्हणाला. मुख्याध्यापकांना तो आधीच विचारून आला होता. मला यातलं काही माहीत नव्हतं.

दिवेलागणीला परतला. मी भाकरी करत होते. हात धुऊन पाटावर बसला.

"नको म्हणाला," त्यानं सांगितलं.

"मग तू काय म्हणालास?"

"बरं म्हणालो."

"पुन्हा विचारलं नाहीस?"

"नाही. मग आम्ही बसलो थोडा वेळ. म्हशीला पाणी दाखवलं."

मी त्याच्या ताटात भाकरी वाढली. तो जेवायला लागला.